दादरचं पाणी, कान्हेरीची पोढी : चार दिवसांची लेणीयात्रा

६ डिसेंबरची रात्र मी शिवाजी पार्कात आमच्या मंडळाच्या स्टॉलमागे, पाण्याच्या रिकाम्या खोक्यांना पाठ टेकून काढली. महापरिनिर्वाण दिनाला आम्ही दरवर्षी पाणी वाटतो. परभणीहून आलेली एक म्हातारी आई रांगेतून बाजूला झाली, पेला दोन्ही हातांनी धरून पाणी प्यायली आणि रिकामा पेला परत देताना म्हणाली, "गार हाय रे लेकरा. जय भीम." एवढंच बोलून ती पुन्हा रांगेत लागली. पदरात बांधलेली भाकरी तिने तशीच ठेवली होती, आधी दर्शन मग जेवण.

त्या गर्दीचा मला कधी शीण येत नाही. शीण येतो तो वर्षभराच्या दुसऱ्या गर्दीचा. चेंबूरहून अंधेरीचं ऑफिस, ऑफिसातून चेंबूर, मधे घाटकोपरचा पूल. डोक्यात सतत एक भुणभुण असते, ती रात्री झोपेतही थांबत नाही. ऑक्टोबरातच ताईला म्हटलं होतं, चार दिवस कुठेतरी डोंगरावर जाऊ, जिथे कुणी भेटणार नाही. ताई म्हणजे माझी मावसबहीण. कल्याणला राहते, शाळेत शिकवते आणि गेली सहा-सात वर्षं लेणी संवर्धनवाल्या मंडळींबरोबर धम्मलिपी, म्हणजे शिलालेखांतली ब्राह्मी, शिकते आहे. ती म्हणाली, "डोंगरच पाहिजे ना तुला? मग आपल्या कण्हगिरीला जाऊ. पण नुसतं वर जाऊन खाली यायचं नाही. व्यापाऱ्यांच्या जुन्या वाटेने जाऊ. सोपाऱ्यापासून, म्हणजे नालासोपाऱ्यापासून सुरुवात."

कान्हेरीचं शिलालेखांतलं नाव कण्हगिरी, म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. लहानपणी बुद्धपौर्णिमेला पांढरे कपडे घालून आईचं बोट धरून मी तिथे गेलो आहे. पण तेव्हाचं आठवतं ते फक्त ऊन आणि डब्यातली पुरी-भाजी.

पहिला दिवस, ७ डिसेंबर : दादर ते सोपारा

सकाळी घरी जाऊन आंघोळ केली, सॅक उचलली आणि दादरला ताईला गाठलं. सकाळच्या वेळी विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. शेजारच्या रुळांवरून चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्या दारापर्यंत भरून जात होत्या. रोज मीही तसाच कुठेतरी लटकलेला असतो, म्हणून त्या चेहऱ्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिलो.

नालासोपाऱ्याला पश्चिमेला उतरून रिक्षा केली. बुरूड राजाचा कोट म्हटलं की जुन्या लोकांना कळतं. इमारतींच्या आणि गाळ्यांच्या मधून रस्ता जातो आणि एकदम झाडं, कुंपण आणि आत विटांचा बसका ढिगारा दिसतो. हाच सोपाऱ्याचा स्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडी पेटी निघाली. पेटीत तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती कांस्याच्या आठ मूर्ती, सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. करंडकात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा करंडक होता. सोन्याची फुलं होती, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं. आणि त्या सोन्याच्या पोटात काय जपून ठेवलं होतं? मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून. हे करंडक आता मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

मी त्या विटांपाशी उकिडवा बसलो. वीट चांगली रुंद, कडा झिजून गोल झालेल्या, सांध्यांत शेवाळ वाळून काळं पडलेलं. सोन्याच्या आत सोनं सापडलं असतं तर मला एवढं काही वाटलं नसतं. पण खापराचा तुकडा जपायला कुणीतरी पाच करंडक घडवले, हे डोक्यातून जाईना.

ताईने पुण्ण थेरांची गोष्ट सांगितली. थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू. ते या सुनापरांताचेच, म्हणजे आपल्या कोकणपट्टीचे. बुद्धांकडे शिकून झाल्यावर ते म्हणाले, मी आता माझ्या मुलखात जातो. बुद्ध म्हणाले, तिकडचे लोक तापट आहेत, त्यांनी तुला शिव्या दिल्या तर? पुण्ण म्हणाले, हाताने मारलं नाही, भले लोक आहेत, असं मी म्हणेन. हाताने मारलं तर? ढेकूळ मारलं नाही ना. मग ढेकूळ, मग काठी, मग शस्त्र, असं करत गोष्ट पार जीव घेण्यापर्यंत जाते आणि पुण्णांचा आवाज काही चढत नाही. "जा," बुद्ध म्हणाले, "तू तिथे राहू शकशील." ताई ही गोष्ट शाळेतल्या मुलांना सांगावी तशी सांगत होती. कोटाच्या भिंतीपलीकडे रिक्षावाला आणि टेम्पोवाला एकमेकांवर ओरडत होते.

याच सोपाऱ्यात १८८२ सालीच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला नवव्याचा. हे तुकडे आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. आठवा लेख आहे प्रवासाबद्दल. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. अशोक राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर बोधीवृक्षाच्या दर्शनाला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या. धम्मयात्रेत काय करायचं, तेही लिहून ठेवलंय : श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, दान द्यायचं, वृद्धांना भेटायचं, गावोगावच्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी धम्माबद्दल बोलायचं.

"बघ," ताई म्हणाली, "तू म्हणत होतास कुणी भेटणार नाही अशा ठिकाणी जाऊ. यात तर सगळं भेटायचंच आहे."

मी काही बोललो नाही. मला खरंच कुणी भेटायला नको होतं.

मुक्काम आत्याकडे, नालासोपाऱ्यातच. त्यांच्या इमारतीत पाणी एक दिवसाआड येतं आणि आज पाण्याचा दिवस होता. जेवणाआधी मी आणि आत्याचा मुलगा मिळून दोन पिंपं आणि घरातली झाडून सगळी भांडी भरली. आत्याने शेवटी देवघरासारखं जपलेलं पितळेचं घागरीएवढं भांडं पुढे केलं. ते तिच्या सासूचं. त्यातलं पाणी फक्त प्यायला.

दुसरा दिवस : कण्हगिरी

सोमवारी राष्ट्रीय उद्यान बंद असतं, म्हणून रविवारची गर्दी पत्करली. बोरिवली स्टेशनहून चालतच उद्यानाचं फाटक गाठलं. आतून लेण्यांपर्यंत बस मिळते, पण आम्ही पायी निघालो. सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे, दोन्ही बाजूंना झाडी. पहिला किलोमीटरभर सकाळी फिरायला येणारे, सायकलवाले, बॅडमिंटनच्या रॅकेटी घेतलेली पोरं. मग माणसं विरळ होत गेली. डिसेंबरातली थंडी मुंबईत पहाटे दोन तास असते तेवढीच, ती सगळी त्या रस्त्यावर साठून राहिली होती. एका वळणावर वानरांची टोळी रस्ता ओलांडत होती, पिल्लं पोटाला धरून. हायवेचा आवाज कधी बंद झाला ते कळलं नाही. बंद झाल्यावर कान दुखावेत तसं वाटलं.

लेण्यांखाली पाड्यावरच्या बायका काकड्या आणि पेरू घेऊन बसल्या होत्या. मीठ-तिखट लावलेली काकडी खाऊन तिकीट काढलं.

शंभरावर लेणी आहेत इथे. साधारण पहिल्या शतकापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत लोक ती खोदत, वापरत, दुरुस्त करत राहिले. एकाच डोंगरावर हजार वर्षं. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे आत स्तूप असलेलं वंदनेचं दालन, आल्याबरोबर समोर येतं. पडवीच्या दोन टोकांना सात-सात मीटर उंचीचे उभे बुद्ध, मधल्या भिंतीवर दात्यांची जोडपी. सातवाहनांच्या काळात दोन व्यापारी भावांनी हे चैत्यगृह करवलं. आतले काही खांब हत्ती-घोड्यांनी आणि वंदन करणाऱ्या माणसांनी सजवलेले, बाकीचे नुसते अष्टकोनी सोडून दिलेले. काम अर्धवट राहिलं की पैसे संपले, त्या खांबांकडे बघत माणूस हाच विचार करतो.

आत खूप माणसं होती. फोटो, रील, "इकडे बघ, इकडे बघ." त्यातच एका कोपऱ्यात भांडुपचं एक कुटुंब मेणबत्ती न लावता, फुलं न वाहता, नुसतं हात जोडून उभं होतं. आम्हीही त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिलो. ताईने हळू आवाजात त्रिसरण सुरू केलं. त्या चैत्यगृहाचं छत असं आहे की हळू म्हटलेलं हळू राहत नाही. "बुद्धं सरणं गच्छामि" वर गेलं, स्तूपाला वळसा घालून परत आलं आणि परत आलं तेव्हा त्यात त्या कुटुंबातल्या आजोबांचा आवाज मिसळलेला होता. आजूबाजूची पोरं गप्प झाली. पंचशील होईपर्यंत मोबाइल खाली होते. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

मग आम्ही वर निघालो. कान्हेरीचं हे लक्षात ठेवण्यासारखं आहे : बहुतेक लोक तिसऱ्या लेण्यापासून अकराव्यापर्यंत जातात आणि परततात. कातळात कोरलेल्या पायऱ्या वर वर जात राहतात. दहा मिनिटं चढलं की आवाज खाली राहतात. पंधरा-वीस मिनिटांनी कुणीच नसतं. एक खोली, खोलीपुढे पडवी, पडवीत कातळाचा बाक, बाकासमोर दरी. पुढे पुन्हा एक खोली, पडवी, बाक. आणि प्रत्येक घराशेजारी पाणी.

पाण्याबद्दल थांबून सांगायला हवं. कान्हेरीच्या जवळपास प्रत्येक विहारापाशी, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या जागेपाशी, कातळात खोदलेलं टाकं आहे. शिलालेखांत त्याला पोढी म्हटलंय, पिण्याच्या पाण्याची ती पानियपोढी. आपण आजही ज्याला लेणं म्हणतो, त्याला त्या लेखांतही "लेण"च म्हटलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द, आपण भाजी आणायला निघाल्यासारखा सहज वापरतो. मी एका पोढीजवळ पालथा पडून आत पाहिलं. तोंड चौकोनी, हात-दीड हात रुंद, कडेने एक बोटभर खोल खाच, झाकण बसावं म्हणून. वरच्या कातळावर दोन पन्हळी कोरलेल्या. पावसाचं पाणी डोंगराच्या अंगावरून घसरायचं, त्या पन्हळींनी ते गोळा होऊन बरोबर तोंडाशी यायचं. तोंडाशेजारी वाटीसारखा खळगा, घडा टेकायला. बोट लावलं तर खळग्याचा तळ गुळगुळीत लागला. घडे ठेवून ठेवून झालेला गुळगुळीतपणा. आत पाणी होतं, काळं आणि स्थिर. त्यात माझं डोकं आणि मागचं आभाळ दिसत होतं.

वर्षावासाचे तीन महिने भिक्खू एका जागी राहायचे. मुंबईचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. त्या तीन-चार महिन्यांत डोंगर भरून घ्यायचा आणि उरलेले आठ महिने तेच पाणी प्यायचं. आता या डोंगराच्या कुशीत विहार तलाव आहे, १८६० सालचा, आणि तुळशी, १८७९ सालचा. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात.

ताई एका टाक्यावरच्या लेखाशी जाऊन उभी राहिली. "ये इकडे. वाच."

"मला नाही येत."

"क येतो. अधिकच्या चिन्हासारखा, खाली जरा लांबलेला. शोध."

मी शोधला. सापडला. मग ती एकेका अक्षरावर, कातळाला हात न लावता, हवेतूनच बोट फिरवत गेली. कलियण. सुवणकार. सामिदत. कल्याणचा सोनार सामिदत याने दिलेली पाण्याची पोढी.

मला एकदम शिवाजी पार्कातला आमचा स्टॉल आठवला. आमच्या मंडळाच्या कापडी फलकावरही गल्लीचं नाव, मंडळाचं नाव आणि खाली "पाणी वाटप" एवढंच लिहिलेलं असतं.

त्यानंतर मी भिंती वेगळ्या नजरेने बघू लागलो. ताई वाचत होती, मी ऐकत होतो. व्यापारी, त्यांच्या बायका, प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून दीक्षा, घेतलेल्या भिक्षुणी. सोपारा, कल्याण, चेमूल म्हणजे चौल. कुणी खोली दिली, कुणी टाकं, कुणी नुसता बाक. कुणी अक्षयनीवी ठेवली, म्हणजे मूळ रक्कम कायम ठेवून तिच्या व्याजावर भिक्खूंच्या चीवराची, म्हणजे वस्त्राची सोय. मी गर्दीतून पळून इथे आलो होतो आणि इथल्या प्रत्येक दाराच्या वर शहरातल्या माणसांची नावं होती. सोनार, सावकार, लेकीसुना. रोजच्या गाडीतलीच सगळी माणसं.

अकरावं लेणं, ज्याला दरबार म्हणतात, तिथे दोन लांबच लांब बुटके दगडी बाक आहेत. समोरासमोर बसून पाठ म्हणायला किंवा जेवायला. तिथे आम्ही डबा खाल्ला. आत्याने दिलेल्या चपात्या आणि सुकट. नव्वदाव्या लेण्यात पहलवी, म्हणजे जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. पारशी मंडळी आली, त्यांनी पाहिलं आणि आपली नावं लिहून गेली. खाली ओढ्याच्या काठी कड्याच्या सावलीत विटांच्या लहान लहान स्तूपांचे अवशेष आहेत, गेलेल्या भिक्खूंच्या आठवणीचे. तिथे मात्र आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सगळ्यात वर गेल्यावर बोरिवलीच्या इमारती दिसतात. खालून बघताना त्या अंगावर येतात. वरून त्या शांत होत्या.

संध्याकाळी बोरिवली-दादर, दादर-कल्याण. रविवार असूनही दादरच्या पुलावर तसूभर जागा नव्हती. सॅक पोटाशी धरून मी ताईच्या मागे चालत होतो आणि सामिदत सोनार कुठल्या वाटेने आला असेल याचा विचार करत होतो. बहुधा खाडीने, होडीतून.

तिसरा दिवस : नाणेघाट

कल्याण एसटी स्टँडवरून सकाळची गाडी पकडली. मुरबाड, टोकावडे, वैशाखरे. पुढे माळशेजच्या रस्त्यावर नाणेघाटाच्या पायथ्याला उतरलो. कंडक्टर म्हणाले, "परत यायला इथेच हात दाखवा, थांबवतात." आम्ही परत या वाटेने येणार नव्हतो.

सुरुवातीची वाट जंगलातून सपाट जाते आणि मग अचानक चढू लागते. नानाचा अंगठा नावाचा कडा समोर सारखा दिसत राहतो, जवळ काही येत नाही. तासाभराने पाणी प्यायला थांबलो तेव्हा कळलं की माझ्या सॅकमधल्या मोठ्या बाटलीचं झाकण सैल राहिलं होतं. दोन लिटर पाणी स्वेटरने आणि झोपायच्या चादरीने पिऊन टाकलं होतं. ताईकडे एक लिटर. डिसेंबर असला तरी अकराचं ऊन कातळावर पडलं की चटका देतं. दोन-दोन घोट घेत चढलो. शेवटच्या टप्प्यात जुन्या दगडी पायऱ्या लागतात, ओबडधोबड, मधे खोलगट झालेल्या. माझी मान खाली होती आणि मला फक्त त्या पायऱ्यांचे मधले खोलगट भाग दिसत होते. बैल, गाढवं, हमाल, व्यापारी, सगळ्यांच्या पायांनी झालेले.

घाटाच्या तोंडाशी पोहोचायच्या जरा आधी कातळात टाकी आहेत. तिथे खालच्या गावातले दोन मुलगे बसले होते. मी बाटली बघत उभा राहिलो, तेव्हा त्यातला मोठा म्हणाला, "या टाक्यातलं प्या. त्या बाजूचं नको, त्यात गुरं जातात." त्यानेच बाटलीला सुतळी बांधून आत सोडली, दोन झटके दिले, भरून वर काढली. रुमालाने गाळून प्यायलो. पाण्याला दगडाचा वास होता आणि दात ठणकतील इतकं ते गार होतं. मी पिताना ताई माझ्याकडे बघत होती. नंतर म्हणाली, "आजी असती तर रडली असती." आमच्या आजीच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून बाबासाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, ते आजी दरवर्षी आम्हाला बसवून सांगायची आणि सांगताना स्वतःची ओंजळ करायची. इथे एका अनोळखी मुलाने जात न विचारता बाटली भरून दिली आणि आता तो माझ्या बुटांची किंमत विचारत होता.

वरच्या लेण्यात नागनिकेचा लेख आहे. ताईने आधीच सांगून टाकलं, "हे बौद्ध लेणं नाही. उगाच आपलं म्हणायचं नाही." सातवाहनांची राणी नागनिका, तिने केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानाची ही यादी आहे. लेखाच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य यांना वंदन आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. दानाचे आकडे त्यात चिन्हांनी लिहिलेत, आपल्याकडचे अंकांचे फार जुने नमुने. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या मूर्ती होत्या. आता उरलेत फक्त पाय, आणि वर नावं : सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सिरि सातकनि, कुमार, महारठी. पाय आणि नाव. बाकी सगळं गेलं. मी बराच वेळ त्या पावलांकडे बघत बसलो होतो.

खिंडीतून वर आलं की दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं सांगतात. कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने जुन्नरला चढायचा आणि पुढे पैठणकडे जायचा.

घाटघरला एका मावशींकडे राहिलो. महादेव कोळ्यांचं घर, अंगणात भाताचा पेंढा रचलेला, ओटीवर तांदळाचं पोतं. जेवायला भाकरी, पिठलं आणि लसणीची चटणी. मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे करून विचारलं, "मुंबईला पाणी नळाला येतं ना हो चोवीस तास?" मी त्यांना नालासोपाऱ्याच्या पिंपांबद्दल सांगितलं, तर त्यांना फार आश्चर्य वाटलं. "आम्हाला वाटायचं, आमच्याकडेच उन्हाळ्यात हाल होतात." मग त्या हिरड्याबद्दल बोलत राहिल्या, यंदा व्यापारी काय भाव देईल, मुलगा नारायणगावला कुठे कामाला लागलाय. ताईने त्यांना शाळेचं विचारलं, मी हिरडा कसा वाळवतात ते विचारलं. अकरा वाजले. मला आठवत नाही इतक्यात मी मोबाइल न बघता कुणाशी एवढा वेळ बोललो होतो.

चौथा दिवस : लेण्याद्री

सकाळच्या जीपने जुन्नर. उजवीकडे जीवधन किल्ला आणि त्याचा वानरलिंगी सुळका उन्हात आले होते, बाकी रस्ता झोपेत गेला.

जुन्नरच्या भोवतीच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर लेणी आहेत. तुळजा, मानमोडी, शिवनेरीच्या अंगावरची. सगळी बघायची तर आठवडा हवा. आमच्याकडे एक दिवस होता, म्हणून फक्त लेण्याद्री. कुकडीचं पात्र खाली ठेवून पायऱ्या चढायला लागलो. अष्टविनायकाला आलेल्या बायका-माणसांबरोबरच चढलो. साताऱ्याच्या एक काकू दर वीस पायऱ्यांनी थांबत होत्या, त्यांच्याबरोबर आम्हीही थांबत गेलो.

गिरिजात्मजाचं देऊळ सातव्या लेण्यात आहे. मुळात तो भिक्खूंचा विहार, मोठं दालन आणि तिन्ही बाजूंना राहायच्या खोल्या. तिथे रांग होती. शेजारीच सहावं लेणं, चैत्यगृह. तिथे कुणी नव्हतं. आत गार, पायाखालचा दगड गार, दोन्हीकडे खांबांची ओळ, खांबांवर हत्ती आणि सिंह, टोकाला स्तूप. आम्ही वंदना घेतली आणि बसून राहिलो. मला पाहिजे होतं ते हेच होतं, चेंबूरहून निघताना. निःशब्द डोंगर. पण आता त्यात मला करमेना. मी उठून बाहेर पडवीत आलो.

साताऱ्याच्या काकू दर्शन घेऊन आल्या होत्या. दारातून आत डोकावून त्यांनी विचारलं, "ही कुठली पिंड?" ताईने त्यांना आत नेलं. स्तूप म्हणजे काय, इथे कोण राहायचं, पाणी कुठून आणायचे, सगळं सांगितलं. काकूंनी स्तूपाला हात जोडले. मग त्यांच्या सुनेने तिच्या मोबाइलवर ताईचं बोलणं रेकॉर्ड करायला मागितलं आणि ताईने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. आणखी चार-सहा माणसं येऊन उभी राहिली.

मी दाराच्या वरचा लेख बघत होतो. ऊन तिरपं येत होतं, त्यामुळे अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. क सापडला. मग ल, त्याला वेलांटी. मी बोटाने हवेत गिरवलं, जसं ताई गिरवते. क-लि-अ-ण. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तेच होतं. मी ताईला हाक मारली नाही. ती बोलत होती. पुढचं मला येईना, ते नंतर तिने वाचून दाखवलं : कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत, त्याने दिलेलं हे चैत्यघर. हेरणिक म्हणजे सोन्या-नाण्यांचा व्यवहार करणारा. काल आम्ही चढलो त्या पायऱ्यांनीच त्याचे पैसे वर आले असणार.

"तू स्वतः वाचलंस?" ताईने दोनदा विचारलं.

"पहिला शब्द."

उतरताना टाक्यांशी थांबलो. बाटली भरली नाही, पाणी हिरवं होतं. खाली दुकानात विकतचं घेतलं.

जुन्नर स्टँडवर गाडीला अर्धा तास होता. ताई मसाला दूध प्यायली, मी वडा खाल्ला. मग लाल गाडी धूळ उडवत वळून फलाटाला लागली आणि काचेमागे पाटी दिसली, पांढऱ्यावर काळ्या रंगाने लिहिलेली : जुन्नर – कल्याण. मी ती अक्षरं एकेक करून वाचली. ताईने सॅक उचलली आणि खिडकीची जागा धरायला पुढे पळाली.